टँकरचा माग: नकाशावरच्या बाणापासून पुराव्यापर्यंत

निर्बंध चुकवून तेल नेणाऱ्या जहाजाचा, म्हणजे टँकरचा, माग काढायला नव्याने बसणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगावीशी वाटते: नकाशावरचा बाण म्हणजे जहाज नव्हे. जहाजांच्या जागा दाखवणारं मरीनट्रॅफिक किंवा व्हेसलफाइंडर हे संकेतस्थळ उघडलं की समुद्रभर रंगीत बाण पसरलेले दिसतात. कुठल्याही बाणावर टिचकी मारा, नाव, वेग, दिशा, पुढचं बंदर सगळं हजर. वाटतं, वरून कुणीतरी प्रत्येक जहाजावर नजर ठेवून आहे. प्रत्यक्षात प्रत्येक जहाज स्वतःच रेडिओवरून सांगत असतं की मी अमुक, मी इथे आहे, मी इतक्या वेगाने चाललोय. आणि नकाशा ते जसंच्या तसं मांडतो. पोलिसांच्या भाषेत ही जबानी झाली. बहुतेक वेळा ती खरीच असते. पण निर्बंध चुकवणारं जहाज नेमका याच जबानीत फेरफार करतं. म्हणून ती दुसऱ्या कशाशी तरी ताडून पाहणं, एवढंच आपलं काम.

त्यासाठी लागणारी साधनं बहुतेक फुकट आहेत. साधा संगणक, दोन-तीन संकेतस्थळांवर खातं, एक स्प्रेडशीट आणि पुष्कळ धीर. केप्लर, व्हॉर्टेक्सा, विंडवर्ड यांच्यासारख्या कंपन्या हेच काम महागड्या वर्गणीवर करतात, पण त्यांची मूळ पद्धत खाली सांगतो त्यापेक्षा फार वेगळी नाही.

आधी निर्बंध कुणाचे ते ठरवा

‘हे जहाज निर्बंधाखाली आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कुणाच्या निर्बंधाखाली? अमेरिकेच्या, युरोपीय संघाच्या, ब्रिटनच्या की संयुक्त राष्ट्रांच्या? आणि निर्बंध जहाजावर आहे, मालकावर आहे की मालावर?

इराणच्या बाबतीत अमेरिका मे २०१८ मध्ये अणुकरारातून बाहेर पडली आणि नोव्हेंबर २०१८ पासून तेलावरचे निर्बंध पुन्हा लागू झाले. व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीवर, म्हणजे पीडीव्हीएसएवर, अमेरिकेने जानेवारी २०१९ मध्ये निर्बंध घातले. उत्तर कोरियासाठी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या डिसेंबर २०१७ च्या ठरावाने शुद्ध केलेल्या तेलाच्या आयातीची मर्यादा वर्षाला ५ लाख पिंपं ठरवली.

रशियाचं प्रकरण वेगळं आहे आणि नवखे लोक इथेच सर्वाधिक चुकतात. ५ डिसेंबर २०२२ पासून जी-७ देश, युरोपीय संघ आणि ऑस्ट्रेलियाने रशियन कच्च्या तेलावर पिंपामागे ६० डॉलरची कमाल किंमत लावली. युरोपीय संघाने ती ३ सप्टेंबर २०२५ पासून ४७.६० डॉलरवर आणली. याचा अर्थ एवढाच, की त्या किमतीच्या वर विकलेल्या तेलासाठी या देशांतल्या कंपन्यांनी जहाज, विमा किंवा दलाली द्यायची नाही. तिसऱ्या देशाने तिसऱ्याच देशाच्या जहाजातून, या कुठल्याही सेवा न घेता तेल नेलं, तर किंमत मर्यादेचा भंग होत नाही. तेव्हा रशियाच्या प्रिमोर्स्क किंवा नोव्होरोसिस्क बंदरातून निघालेला टँकर दिसला, की लगेच ‘निर्बंध मोडले’ असं लिहू नका. वहीत दोन रकाने वेगळे ठेवा: एकात ‘जहाज कुणाच्या यादीत, कोणत्या तारखेपासून’ आणि दुसऱ्यात ‘माल कुठला असावा’. हे दोन रकाने मिसळले की पुढचं सगळं मिसळतं.

पायरी १: नाव सोडा, आयएमओ क्रमांक धरा

जहाजाचं नाव एका रंगाच्या डब्यात बदलता येतं. ध्वज, म्हणजे जहाज ज्या देशात नोंदलंय तो, एका अर्जाने बदलतो. मालक तर कागदावर वर्षातून तीनदाही बदलतो. बदलत नाही तो आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, म्हणजे आयएमओचा, सात आकडी क्रमांक. तो जहाजाच्या सांगाड्याला बांधणीच्या वेळी मिळतो आणि भंगारात निघेपर्यंत तोच राहतो. जहाजाच्या बाहेरच्या अंगावरही तो कायमचा कोरलेला किंवा उमटवलेला असावा लागतो.

हा क्रमांक खरा आहे का, याची पहिली चाचणी कागद-पेन्सिलीने होते. उदाहरण घेऊ ९११६४१२. पहिल्या सहा आकड्यांना डावीकडून अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं: ९ गुणिले ७ म्हणजे ६३, १ गुणिले ६ म्हणजे ६, १ गुणिले ५ म्हणजे ५, ६ गुणिले ४ म्हणजे २४, ४ गुणिले ३ म्हणजे १२, १ गुणिले २ म्हणजे २. बेरीज ११२. बेरजेचा शेवटचा आकडा २, आणि क्रमांकाचा सातवा आकडाही २. जुळलं. जुळलं नाही तर एकतर तुमचा लिहिताना घोळ झालाय किंवा कुणीतरी क्रमांक मनाने रचलाय. स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र एकदाच घालून ठेवा.

हा क्रमांक ‘ग्रेस १’ या टँकरचा. ४ जुलै २०१९ रोजी जिब्राल्टरने तो अडवला, तेव्हा त्यात सुमारे २१ लाख पिंपं इराणी तेल होतं आणि ते सीरियाला चालल्याचा संशय होता. ऑगस्टच्या मध्यावर सुटका झाल्यावर त्याच जहाजाचं नाव ‘एड्रियन दर्या १’ झालं आणि वर इराणचा ध्वज लागला. नावावरून शोधणाऱ्याला ही दोन जहाजं वाटली असती. क्रमांक धरून बसलेल्याला एकच होतं.

क्रमांकाचीही चोरी होते, हे इथेच सांगून ठेवतो. भंगारात गेलेल्या जहाजाचा आयएमओ क्रमांक दुसरंच जहाज वापरू लागतं. अशा जहाजांना आता ‘झोम्बी’ म्हणतात. त्यांच्या क्रमांकाची बेरीज अर्थातच जुळते. ती पकडायची तर क्रमांकाचा इतिहास पाहावा लागतो. भंगाराच्या किनाऱ्यावर तोडलेलं जहाज तीन वर्षांनी पुन्हा समुद्रात चालताना दिसलं, किंवा नोंदीतली लांबी २४४ मीटर आणि उपग्रहाच्या चित्रात मोजलेली ३३० मीटर निघाली, तर थांबा आणि खोलात जा.

सोबत एमएमएसआय हा नऊ आकडी क्रमांकही नोंदवा. तो रेडिओचा क्रमांक आहे आणि त्याचे पहिले तीन आकडे ध्वजाचा देश सांगतात: २७३ रशिया, ४२२ इराण, ६३६ लायबेरिया, ५३८ मार्शल बेटं, ६१३ कॅमेरून. ध्वज बदलला की हाही बदलतो. जहाज सांगतं तो ध्वज आणि हे तीन आकडे जुळत नसतील, तर लाल खूण करा.

पायरी २: एआयएसमधलं आपोआप काय आणि हाताने काय

एआयएस म्हणजे स्वयंचलित ओळख यंत्रणा. आंतरराष्ट्रीय प्रवासावरच्या ३०० ग्रॉस टनेजच्या वरच्या सगळ्या जहाजांना २००४ अखेरपासून ती सक्तीची आहे. ती मुळात जहाजं एकमेकांवर आदळू नयेत म्हणून आली. हेरगिरीसाठी ती बनवलेलीच नव्हती. चालतं जहाज दर २ ते १० सेकंदांनी आपली जागा सांगतं, नांगरलेलं असेल तर दर ३ मिनिटांनी.

जागा, वेग आणि दिशा जीपीएसवरून आपोआप येते. पण पुढचं बंदर, तिथे पोहोचण्याची वेळ आणि ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती मीटर बुडालंय ते, हे सगळं खलाशी हाताने भरतात. पुढचं बंदर म्हणजे मोकळी चौकट असते. तिथे ‘आदेशाची वाट’ किंवा नुसतं ‘चीन’ एवढंच लिहिलेलं असू शकतं. एड्रियन दर्याने जिब्राल्टर सोडल्यावर आधी ग्रीसमधलं कालामाता लिहिलं, मग तुर्कस्तानातलं मर्सिन, मग इस्केंदेरुन. यातल्या एकाही बंदरात ती गेली नाही.

रोजच्या कामात मी या यंत्रणेला तीनच प्रश्न विचारतो. जहाज किती वेळ गप्प होतं? गप्प होण्याआधी आणि बोलू लागल्यावर कुठे होतं? आणि मधल्या अंतराला त्याच्या नेहमीच्या वेगाने किती वेळ लागायला हवा होता? भरलेला टँकर साधारण १२ ते १४ नॉटने, म्हणजे तासाला तेवढ्या सागरी मैलांनी, चालतो. ६०० सागरी मैल कापायला त्याला दोन दिवस पुरतात. तेवढ्या अंतराला सात दिवस लागले, तर पाच दिवसांचा हिशोब राहिला.

पायरी ३: गप्प जहाज म्हणजे गुन्हेगार जहाज नव्हे

या पायरीवर मी सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे, कारण चुकीचे आरोप इथेच जन्मतात.

शिकत होतो तेव्हा एका टँकरच्या सहा दिवसांच्या मौनामागे मी सलग दोन संध्याकाळी लागलो होतो. चीनच्या किनाऱ्याजवळ तो नाहीसा झाला आणि सहा दिवसांनी पुन्हा उगवला. मनात पूर्ण गोष्ट तयार झाली होती. मग सहज त्याच पट्ट्यातली इतर जहाजं पाहिली, मालवाहू, कंटेनरवाली, सगळीच, आणि ती सगळीच तिथे तुटक दिसत होती. चीनचा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १ नोव्हेंबर २०२१ पासून लागू झाला आणि तिथल्या किनाऱ्यावरच्या अँटेनांकडून बाहेर येणारी एआयएस माहिती एकदम आटली. जहाज बोलत होतं, ऐकणारा कान बंद होता. त्या दिवसापासून नियम केला: एखादं जहाज गप्प दिसलं, की त्याच वेळी त्याच जागी असलेल्या आणखी दहा जहाजांकडे पाहायचं.

निरुपद्रवी कारणं बरीच आहेत. किनाऱ्यापासून दूर गेलं की फक्त उपग्रह ऐकतात, आणि गर्दीच्या समुद्रात शेकडो जहाजांचे संदेश एकमेकांवर आदळून हरवतात. फुकट खात्यांवर उपग्रहाची माहिती बहुधा दिसतच नाही, त्यामुळे भर समुद्रातलं मौन हा कधी कधी फक्त तुमच्या वर्गणीचा परिणाम असतो. चाचे किंवा हल्ल्याचा धोका असेल तर यंत्रणा बंद करण्याची मुभा कप्तानाला आहे. तांबड्या समुद्रात अनेक जहाजांनी ती घेतली. आणि जीपीएसमध्ये बाहेरून अडथळा आणला जातो. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्धाच्या दिवसांत होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आसपास शेकडो जहाजांच्या जागा बिघडलेल्या दिसत होत्या, काही तर चक्क जमिनीवर. ही फसवणूक त्या जहाजांची नव्हती, बहुतेक सगळी बिचारी अडथळ्याची बळी होती.

मग संशय कधी घ्यावा? जहाज दर खेपेला त्याच पट्ट्यात गप्प होत असेल, जिथे आजूबाजूची जहाजं नीट दिसतायत. ते रिकामं गप्प झालं आणि भरलेलं बोलू लागलं. आणि त्या मौनाच्या आवाक्यात निर्बंधाखालचं बंदर येत असेल, जसं इराणचं खार्ग बेट, जिथून त्या देशाचं बहुतेक कच्चं तेल निघतं, किंवा व्हेनेझुएलाचं होसे टर्मिनल. तिन्ही एकत्र आले तर पुढच्या पायरीवर जा. एकटं मौन वहीत नोंदवा आणि सोडून द्या.

पायरी ४: खोटी जागा ओळखणं

यंत्रणा बंद केली की विमावाले आणि बंदरं प्रश्न विचारतात. म्हणून हल्ली बरीच जहाजं गप्प राहण्याऐवजी खोटं बोलतात: असतात एकीकडे, दाखवतात दुसरीकडे.

खोट्या जागेला एक कृत्रिमपणा असतो, आणि डोळा बसला की तो जाणवतो. खरं नांगरलेलं जहाज भरती-ओहोटी आणि वाऱ्यासोबत नांगराभोवती फिरतं. त्याचा माग विस्कटलेल्या दोऱ्यासारखा, एका बाजूला झुकलेल्या चंद्रकोरीसारखा दिसतो. खोटं जहाज नीट चौकोनात नाहीतर आखीव वर्तुळात फिरतं, किंवा एका सरळ रेषेवर तासन् तास पुढे-मागे सरकतं. कधी ते बाजूला सरकतं पण नाक मात्र चोवीस तास एकाच अंशावर असतं. कधी क्षणात ४० मैल उडी मारतं.

‘स्किपर’चं उदाहरण ताजं आहे. हा मोठा टँकर अमेरिकेने १० डिसेंबर २०२५ रोजी व्हेनेझुएलाच्या किनाऱ्याबाहेर ताब्यात घेतला. त्याआधी त्याची एआयएस जागा गयानाजवळ दिसत होती आणि उपग्रहाच्या चित्रांत तो होसे टर्मिनलवर उभा होता. त्यावर गयानाचा ध्वज होता. गयानाने स्पष्ट सांगितलं की हे जहाज आमच्याकडे नोंदलेलंच नाही. जुन्या ‘अदिसा’ या नावाने ते २०२२ पासून अमेरिकेच्या यादीत होतं.

पायरी ५: आकाशातून खात्री

जबानी खोटी आहे हे सिद्ध करायला दुसरा साक्षीदार हवा, आणि तो जहाजाचा मिंधा नसावा. उपग्रह तसा आहे. युरोपीय संघाच्या कोपर्निकस कार्यक्रमाची चित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. कोपर्निकस ब्राउझरवर खातं काढा आणि दोन नावं लक्षात ठेवा: सेंटिनेल-२ हा साध्या प्रकाशातली रंगीत चित्रं घेतो, सेंटिनेल-१ रडारने पाहतो.

सेंटिनेल-२ च्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. सगळ्यात मोठ्या नेहमीच्या टँकरची, ज्याला व्हीएलसीसी म्हणतात, लांबी साधारण ३३० मीटर आणि रुंदी ६० मीटर. म्हणजे चित्रात ते ३३ ठिपके लांब आणि ६ ठिपके रुंद दिसेल. त्याहून लहान टँकरांचे दोन प्रकार: सुएझमॅक्स सुमारे २७५ मीटर, अफ्रामॅक्स २४५ ते २५० मीटर. नाव वाचता येणार नाही, पण लांबी मोजता येईल, डेकचा रंग, हिरवा की तांबडा, कळेल, आणि मागच्या बाजूला राहण्याच्या इमारतीचा पांढरा ठिपका दिसेल. एवढ्यावर ‘हे तेच जहाज’ असं म्हणता येत नाही. ‘हे तेच असू शकतं’ किंवा ‘हे ते असूच शकत नाही’ एवढं नक्की म्हणता येतं, आणि दुसरं विधान फार मोलाचं आहे. जहाज म्हणतंय मी इथे नांगरलोय, आणि त्या क्षणाचं स्वच्छ चित्र तिथे रिकामं पाणी दाखवतंय, तर जबानी पडली.

ढग असतील तर सेंटिनेल-१ कडे वळा. रडारला ढग आणि रात्र दोन्ही आड येत नाहीत. काळ्या समुद्रावर लोखंडी जहाज पांढऱ्या दाण्यासारखं चमकतं. ग्लोबल फिशिंग वॉचचा नकाशा मुळात मासेमारीसाठी बनलाय, पण रडारला दिसलेली आणि एआयएसशी न जुळलेली जहाजंही तो दाखवतो. नवख्याने तिथूनच सुरुवात करावी.

दोन गोष्टींनी सुरुवातीला हमखास घोळ होतो. एक, वेळ. उपग्रह आणि एआयएस दोन्ही आंतरराष्ट्रीय प्रमाण वेळेत नोंदतात, पण नकाशाची संकेतस्थळं ती तुमच्या घड्याळाप्रमाणे बदलून दाखवू शकतात. पाच तासांत टँकर साठ मैल गेलेला असतो. दुसरी, व्याप्ती. सेंटिनेल-२ खुल्या महासागराची चित्रं नेमाने घेत नाही, किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरपर्यंत घेतो. भूमध्य समुद्रासारखे बंदिस्त समुद्र मात्र पूर्ण घेतो. भर महासागरात चित्र सापडलं नाही, तर तिथे काही लपवलंय असं समजू नका.

एड्रियन दर्याने सप्टेंबर २०१९ च्या सुरुवातीला सीरियाच्या पश्चिमेला एआयएस बंद केलं. काही दिवसांतच एका खासगी उपग्रहाच्या चित्रात ती तार्तूस बंदराबाहेर उभी दिसली. मौन कुठे सुरू झालं हे माहीत असल्यामुळेच कुठे पाहायचं ते कळलं.

पायरी ६: पोट भरलंय की रिकामं

ड्राफ्टचा आकडा खलाशी भरतात हे वर सांगितलं, तरी तो उपयोगी आहे, कारण उथळ पाण्यात आणि बंदरात खोटा ड्राफ्ट जीवावर बेततो. अफ्रामॅक्स टँकर रिकामा असताना साधारण ८ मीटर आणि भरल्यावर १५ मीटरच्या आसपास बुडतो.

यावरून मालाचा अंदाज कसा काढायचा? २४० मीटर लांब आणि ४२ मीटर रुंद जहाजाला एक मीटर अधिक बुडवायला ढोबळमानाने ९,३०० टन लागतात. ७ मीटर बुडालं म्हणजे ६५,००० टन. पण त्या जहाजात माल असतो सुमारे १ लाख टन. उरलेले ३५,००० टन कुठून आले? रिकामा टँकर खरा रिकामा नसतोच. तोल राहावा म्हणून तो पोटात समुद्राचं पाणी, म्हणजे बॅलास्ट, घेऊन फिरतो. तेल चढवताना ते पाणी बाहेर जातं. हा फरक विसरणारे मालाचा आकडा तिसऱ्या हिश्शाने कमी सांगतात. टनाचे पिंप करायला ७.३ ने गुणा.

भूगोलही मदत करतो. बाल्टिक समुद्रातून बाहेर पडायचं तर डेन्मार्कजवळच्या सामुद्रधुनीतून, आणि तिथे साधारण १५ मीटरच्या वर ड्राफ्ट चालत नाही. म्हणून बाल्टिकवरच्या प्रिमोर्स्क आणि उस्त-लुगा या रशियन बंदरांतून बहुतांश अफ्रामॅक्सच निघतात. पूर्ण भरलेला व्हीएलसीसी बाल्टिकमधून आला असं कुणी सांगितलं, तर त्याला नकाशा दाखवा.

ड्राफ्ट बंदरात न जाताच बदलला, तर समुद्रात माल एका जहाजातून दुसऱ्यात गेला असावा. याला एसटीएस (शिप टू शिप) म्हणतात: दोन टँकर अंगाला अंग लावून, मध्ये रबरी फेंडर ठेवून उभे राहतात आणि होजने तेल ओततात. एआयएसवर दोन बाण तासन् तास एकमेकांना चिकटलेले आणि वेग जवळजवळ शून्य. सेंटिनेल-२ वर शेजारी शेजारी दोन काड्या. सेंटिनेल-१ वर एकच जाडजूड डाग. मलेशियाच्या जोहोरच्या पूर्वेचा समुद्र, ग्रीसचं लॅकोनियन आखात, संयुक्त अरब अमिरातीतलं फुजैरा, ओमानचं सोहार, टोगोचं लोमे, ही नेहमीची ठिकाणं. एसटीएस बेकायदा नाही. किनारी देशाच्या हद्दीत ते करायचं असेल तर ४८ तास आधी कळवावं लागतं. मोठ्या जहाजाला उथळ बंदरात जाता येत नाही म्हणूनही ते होतं. प्रश्न तेव्हा पडतो, जेव्हा एकामागून एक तीन जहाजांत तेल फिरतं आणि शेवटच्या कागदावर उगम ‘मलेशिया’ लिहिला जातो. चीनने मलेशियातून आयात केल्याचं दिसणारं कच्चं तेल मलेशिया स्वतः काढते त्याहून जास्त भरतं. ते सगळं मलेशियाचं नाही, एवढं यावरून कळतं; एखाद्या खेपेचं तेल कुठलं ते मात्र पुराव्यानेच ठरतं.

पायरी ७: कागद

इक्वासिस हे फुकट संकेतस्थळ, नोंदणी करून वापरायचं. आयएमओ क्रमांक टाका: नोंदणीकृत मालक, चालवणारी कंपनी, वर्गीकरण संस्था (जहाजाची तांत्रिक तपासणी करणारी), विमा, बंदरांतल्या तपासण्या आणि जुनी नावं-ध्वज, सगळं एका जागी मिळतं.

तीन गोष्टी पाहा. मालक कंपनी कधी निघाली आणि तिच्याकडे किती जहाजं आहेत? एकच जहाज, जहाज विकत घेण्याच्या महिन्यातच निघालेली कंपनी आणि पत्ता कुणाच्या तरी ‘द्वारा’, असं असेल तर नोंद करा; पण एक जहाज एक कंपनी ही पद्धत सचोटीच्या मालकांतही सर्रास आहे. दुसरं, ध्वज. दोन वर्षांत चार ध्वज, किंवा इक्वासिसवर ध्वजापुढे ‘खोटा’ अशी खूण, हा आजवरचा सगळ्यात पक्का इशारा आहे. एस्वातिनीला समुद्रकिनाराच नाही, तरी त्याच्या नावाची खोटी नोंदणी घेऊन जहाजं फिरली. तिसरं, विमा. जगातल्या सुमारे ९० टक्के टनेजचा दायित्वाचा विमा इंटरनॅशनल ग्रुपच्या १२ पी अँड आय क्लबांकडे, म्हणजे जहाजमालकांच्या विमा मंडळांकडे, असतो आणि त्यांच्या संकेतस्थळांवर जहाज शोधता येतं. जहाज तिथे नसेल, तर दुसरा विमा कुणाचा ते शोधा.

विम्याचा रकाना मला कोरडा वाटत नाही. १ मे २०२३ रोजी मलेशियाच्या किनाऱ्याबाहेर ‘पाब्लो’ या १९९७ साली बांधलेल्या, गॅबनचा ध्वज लावलेल्या टँकरवर स्फोट झाला. जहाजावर २८ जण होते. २५ वाचले, तिघे सापडले नाहीत. उघडा पडलेला तो सांगाडा महिनोन् महिने तिथेच राहिला, कारण जबाबदारी घ्यायला कुणी पुढे येईना. नशिबाने तो रिकामा होता. रकान्यात ‘विमा: माहिती नाही’ असं लिहिताना असं जहाज भरलेलं असतं तर काय झालं असतं, ते माझ्या डोळ्यांपुढे येतं.

पायरी ८: लिहिताना

आता याद्या तपासा: अमेरिकेच्या अर्थ खात्याची, युरोपीय संघाची, ब्रिटनची. ओपनसँक्शन्सवर त्या एकत्र शोधता येतात. शोध नावाने नाही, क्रमांकाने. आणि तारीख पाहा: १० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने एका झटक्यात १८० हून अधिक जहाजं यादीत घातली; त्याआधीच्या खेपेला ‘निर्बंधाखालचं जहाज’ म्हणणं चूक ठरेल.

नोंद करताना प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा: दिसलं, जहाजाने सांगितलं, माझा अंदाज. ‘१४ तारखेला रडारवर २५० मीटरचं जहाज’ हे दिसलं. ‘ड्राफ्ट ८.१ वरून १४.६’ हे जहाजाने सांगितलं. ‘माल बहुधा इराणी’ हा अंदाज, आणि तो अंदाज म्हणूनच छापायचा. शेजारी निरुपद्रवी खुलासा काय असू शकतो तेही लिहा, आणि तो तुम्ही कसा तपासला तेही. नकाशाच्या पडद्याचं चित्र वेळेसकट जपून ठेवा; संकेतस्थळांवरची जुनी माहिती काही दिवसांत वर्गणीच्या भिंतीआड जाते.

खलाशांची नावं, फोटो, समाजमाध्यमांवरची खाती यांना हात लावू नका. एखाद्या खलाशाने डेकवरून टाकलेल्या सेल्फीत बंदराचा क्रेन दिसतो आणि तुमचा शोध दोन मिनिटांत पूर्ण होतो, हे खरं आहे. पण त्याला आपला मालक कोण हे बऱ्याचदा ठाऊक नसतं, पगार थकलेला असतो, आणि चित्र छापल्यावर पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. क्रेन ओळखीचा झाला असेल तर तोच क्रेन उपग्रहाच्या चित्रात शोधा आणि पुरावा म्हणून ते चित्र वापरा.

सुरुवातीला एकच जहाज घ्या, आधीच यादीत असलेलं, आणि त्याच्या मागच्या तीन खेपा कागदावर उतरवा. कुठे भरलं, कुठे गप्प झालं, कुणाच्या शेजारी उभं राहिलं, कुठे रिकामं झालं. ज्या ठिकाणी उत्तर सापडणार नाही तिथे रकाना मोकळा ठेवा. दोन-तीन महिन्यांनी नवं चित्र किंवा नवी नोंद येते, आणि त्यातले काही मोकळे रकाने भरतात.